रंगाची बाटली

गेल्या श्रावणात खानदेशात जाण्याचा योग आला. जळगावी उतरून प्रथम अजिंठा पाहावा व पोळ्याच्या आदल्या दिवशी धुळ्यास मामांकडे पोहोचावे, असा बेत होता. बरोबर दहा वर्षांचा पुतण्या होता.

जळगावाहून लेणी सुमारे ६० किलोमीटर. १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. पद्मपाणीच्या चित्रापुढे आम्ही तन्मय झालो असता पुतण्याने विचारले, "हे रंग कालवले कोणी?" गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, काजळीचा काळा, दूरदेशाहून आणलेल्या लाजवर्दाचा निळा, हे सारे बारीक वाटून सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवावे लागे, एवढे मी सांगितले. पण जेथे चित्रकाराचेच नाव उरले नाही, तेथे रंग वाटणाऱ्याचे कोठून उरणार!

दुसरे दिवशी एरंडोल, पारोळा या मार्गाने पांझरेकाठच्या धुळ्यास आलो. मामा दरवर्षी कुंभाराकडून बिनरंगी बैल आणून, खेळण्यांच्या प्रतिकृती रंगविण्याच्या लहान बाटल्यांतील रंगांनी ते स्वहस्ते सजवीत. अलीकडे त्यांच्या हातास कंप सुटला आहे. म्हणून यंदा सूनबाईंनी रंगविलेलीच जोडी आणली होती. मामा काही बोलले नाहीत; बाटल्यांची पेटी मात्र फळीवर तशीच होती.

पुतण्याने ती हेरली, व हट्टाने एक बिनरंगी जोडी आणविली. बाटलीत कुंचला बुडवून त्याने शिंग रंगविले, तो नुसतीच चकाकी आली, रंग नाही! तेव्हा मामा उठून जवळ बसले.

"अरे, रंगाची भुकटी जड, ती वर्षभरात तळाशी बसली. तिला धरणारे द्रव्य वर राहिले. दोन्ही एक झाल्यावाचून रंग अंगी लागायचा नाही. आधी काडीने तळ मोकळा कर, मग काचेचा मणी टाकून बाटली हलव. सायकलचा छर्रा नको. पाण्याच्या रंगात तो गंजतो. आणि हलविल्यावर थोडे थांब, बुडबुडे बसू देत."

हल्ली बाटल्या हलविणारी विजेची यंत्रे बाजारात मिळतात. एखादे पाठवून देतो, असे मी म्हणालो. मामा हसले. "यंत्र कशाला? देवाने माझे हात त्याच कामाला लावून दिले आहेत!"

सूनबाई दाराआड डोळे पुशीत होत्या. रात्री उशिरापर्यंत आजोबा बाटल्या हलवीत होते व नातू रंगवीत होता.

पोळ्याच्या दिवशी पाटावर दोन्ही जोड्या मांडल्या. एकीचे रंग रेखीव होते. दुसरीची शिंगे अंमळ वाकडी रंगली होती. मामा कोणत्या जोडीपुढे अधिक वेळ हात जोडून उभे होते, हे सांगणे नलगे.