कोपऱ्यातला गडी

साहित्याच्या अध्यापकाला एक खोड जडलेली असते. कोणतीही पडझड समोर आली, की तिच्या मुळाशी असलेला एक माणूस आणि त्या माणसातला एक दोष सापडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. शोकात्मिका शिकवताना आपण नायकाचा ‘प्रमाद’ फळ्यावर लिहितो, विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. या खोडीची किंमत कधी कधी भलत्यालाच मोजावी लागते, हे मला कबड्डीने शिकवले, तेही उशिरा.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच कायम झालो होतो आणि कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी खोताच्या वाडीत एका व्हरांड्यात जाऊन बसत असे. वाडी अनेकांनी पाहिली असेल. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना जमिनी विकल्या आणि गिरगावच्या ऐन गर्दीत लाकडी जिन्यांची, उतरत्या कौलांची घरे उभी राहिली, असा तिचा इतिहास सांगतात. आमच्या व्हरांड्याचे मालक पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले होते. त्यांना सगळेच ‘अंकल’ म्हणत. त्यांच्याकडे येणाऱ्यांत आमच्या कॉलेजचे दोन माजी विद्यार्थी होते, दोघेही बँकेत नोकरीला. शिवाय एक ‘मामा’ होते. ते मूळचे लालबागचे. गिरणीच्या संघातून मातीच्या मैदानावर खेळलेले, आणि १९८२ च्या संपानंतर गिरगावातल्या एका छापखान्यात लागलेले. वाडीतले बटाट्याचे वेफर्स आणि चहा यांच्या साक्षीने तिथे एकाच विषयावर खल चाले : आमच्या कॉलेजचा कबड्डी संघ.

त्या वर्षी संघाची चढाई उत्तम होती आणि बचाव पार ढासळला होता. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पहिल्या दहा मिनिटांत आघाडी घ्यायची आणि उत्तरार्धात दोन-दोन लोण पत्करून हरायचे, असा क्रमच झाला होता. व्हरांड्याने निदान केले : डावा कोपरा. तो मुलगा माझ्याच द्वितीय वर्षाच्या वर्गात होता. अबोल, काटक, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा. चढाईपटूच्या घोट्याला तो हात घाली, पकड जमल्यासारखी दिसे, आणि पुढच्या क्षणी चढाईपटू त्याला फरपटत मध्यरेषेपर्यंत नेई. गडी बाद. हे एकेका सामन्यात चार-चार वेळा होई. एका बँकवाल्याच्या मते तो घाई करत होता. दुसऱ्याच्या मते त्याच्या मनगटात जोर नव्हता. अंकलना त्याचा पवित्राच चुकीचा वाटे. मामा फारसे बोलत नसत.

मी कधी कबड्डी खेळलो नव्हतो. पण शब्द माझ्या हाताशी होते. विभागाच्या भित्तिपत्रकासाठी मी ‘उघडा कोपरा’ या शीर्षकाचे एक स्फुट लिहिले. त्यात शोकात्म नायकाचा प्रमाद होता, अभिमन्यू होता, आत शिरता येते पण धरून ठेवता येत नाही अशी एक चमकदार कोटीही होती. नाव कोणाचे घेतले नव्हते. नाव घेण्याची गरजही नव्हती. कॉलेजात ते स्फुट गाजले, आणि आठवड्याभरात तो मुलगा सरावाला यायचा बंद झाला.

पुढच्या सामन्याला मी मामांच्या शेजारी बसलो. डाव्या कोपऱ्यात दुसरा मुलगा होता. खेळ सुरू झाला आणि तोही तसाच बाद होऊ लागला. मी काही बोलणार, एवढ्यात मामा म्हणाले, ‘‘सर, तुम्ही जिथं भिंत पडते तिथंच बघताय. जरा त्याच्या बाजूच्याचे पाय बघा. चढाईवाल्याकडे बघूच नका.’’

ही सूचना पाळायला अवघड असते. कबड्डी पाहणाऱ्याचा डोळा स्वभावतःच चढाईपटूला चिकटलेला असतो. तरी मी प्रयत्न केला. आणि मला दिसले ते असे. कोपऱ्याने घोटा धरला, त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने पुढे येऊन धडक द्यायला हवी होती. त्याऐवजी त्याचा मागचा पाय अर्ध्या पावलाने मागे सरकला. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. त्याच्याही पुढच्या चढाईला तेच. एकट्याने धरलेला घोटा फार तर क्षणभर टिकतो. तेवढ्या अवधीत दुसरा हात यावा यासाठीच ती पकड असते. म्हणजे कोपरा चुकत नव्हता. कोपऱ्याने एका वाक्याची सुरुवात केली होती आणि ते पुरे करणारे कोणी नव्हते.

‘‘पण तो येत का नाही?’’ मी विचारले.

‘‘आला होता की,’’ मामा म्हणाले. ‘‘पहिल्या मॅचला तीनदा आला. तीनदा चढाईवाला दोघांना घेऊन गेला. त्या संध्याकाळी आपण सगळे काय बोललो, आठवा. नको तिथं हात घालतो, म्हणालो. पोरं ऐकतात, सर.’’

मला आठवले. ‘परोपकारी गंपू’ हे त्या मध्यरक्षकाचे नामकरण मीच केले होते.

कबड्डीचा नियम येथे समजून घेण्याजोगा आहे. चढाईपटू मध्यरेषा गाठण्यात यशस्वी झाला, तर त्याला धरणारे सगळेच बाद होतात. मदतीला जाणे म्हणजे दुसऱ्याच्या अपयशात स्वतःला सामील करून घेणे. जो जागेवर उभा राहतो तो मैदानात उरतो. त्याच्या नावावर चूक लागत नाही. कोण बाद झाला हे गुणपत्रक सांगते, कोण आला नाही हे सांगत नाही. आणि टीकाकाराचे सगळे साधन बहुधा गुणपत्रकच असते.

येथे मला ॲरिस्टॉटल नव्याने वाचावा लागला. प्रमादाची संकल्पना आपण त्याच्याकडून उचलली. पण त्याच ग्रंथात कथानक हा शोकात्मिकेचा आत्मा असून स्वभावचित्रण त्यानंतर येते, असे तो म्हणतो, हे आपण वर्गात घाईने उरकतो. घटनांची जुळणी पाहण्यापेक्षा माणसाचा दोष सांगणे सोपे, आणि त्यात आपली प्रौढीही मिरवता येते. आमच्या संघाच्या कथानकात एक घटना अशी होती, की जी मला दिसणे शक्यच नव्हते. कारण ती घडवणाऱ्यांत मी होतो. व्हरांड्याने मध्यरक्षकाला हिणवले, म्हणून तो मागे सरला. तो मागे सरला, म्हणून कोपरा एकटा पडला. कोपरा एकटा पडला, म्हणून व्हरांड्याला नवे खाद्य मिळाले.

मी त्या मुलाला गाठले. जिन्यावर उभे राहून मला जमेल तशी माफी मागितली आणि सगळा दोष मध्यरक्षकाचा होता, असे त्याला सांगू लागलो. खोड जात नाही ती अशी. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘सर, तो आला असता आणि सुटला असता, तर दोघंही बाहेर बसलो असतो. मग तुम्ही त्याच्यावर लिहिलं असतं.’’ आवाजात राग नव्हता. कॉलेजसाठी तो पुन्हा खेळला नाही. बी. ए. दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. माझ्या तासांना अखेरपर्यंत नियमित बसला, हे मला अधिक जड गेले.

पुढे २०१४ साली प्रो कबड्डी आली. २०१५ मध्ये यू मुंबा विजेती ठरली तेव्हा व्हरांड्यावर पेढे वाटले गेले. आता प्रत्येक खेळाडूच्या यशस्वी आणि अयशस्वी पकडींचे आकडे पडद्यावर झळकतात. न आलेल्या हाताचा रकाना मात्र तिथेही नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, १९९० पासून सलग सात सुवर्णपदके मिळवणारा भारताचा पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला, तेव्हा देशभर एकच प्रश्न विचारला गेला : चुकले कोण? इराणचा बचाव एखाद्या गजराच्या दाव्यांप्रमाणे एकमेकांना बांधलेला होता, याची चर्चा कमी झाली. त्याच बचावातला फझल अत्राचली काही आठवड्यांत मुंबईच्या संघाचा कर्णधार म्हणून खेळू लागला आणि आमच्या मामांनी त्याला पाहताच ‘‘हा एकटा नाय खेळत’’ एवढाच अभिप्राय दिला.

अंकल आता नाहीत. त्यांच्या घराला कुलूप आहे. वाडीत एके काळी पासष्ट घरे होती असे म्हणतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. पहिले घर कोणी विकले, यावर वाडीत अजूनही तावातावाने बोलले जाते. अंकल हयात असताना एकदा असाच वाद चालू होता. विकून गेलेल्या एका शेजाऱ्याला सगळे नावे ठेवत होते. अंकल बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘त्याचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं. आपल्यापैकी कोण वर चढला?’’ त्यावर कोणी काही बोलले नाही.

शोकात्मिका मी अजूनही शिकवतो, आणि प्रमाद हा शब्द अजूनही फळ्यावर लिहितो. मात्र तो लिहून झाल्यावर विद्यार्थ्यांना विचारतो, की या प्रवेशात रंगमंचावर आणखी कोण उभे आहे, आणि ते पुढे का आले नाहीत? उत्तरे बहुधा चांगली येतात. शेवटून दुसऱ्या बाकाकडे मात्र माझ्याने अजून सहज पाहवत नाही.