मोफत वकिलाचा खर्च कसा मोजायचा?

गरिबांना मोफत वकील मिळावा म्हणून सरकार जो पैसा देतं, त्याचं पुढे काय होतं हे मला समजून घ्यायचं होतं. कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते. वकीलपत्र म्हणजे काय, तेही विचारूनच कळलं. सोबत आमच्या मावशी होत्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात आणि त्यांना नवऱ्याकडून पोटगी हवी होती.

मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. मावशींनी खाडे करून उत्पन्नाचा दाखला मिळवला होता. टेबलापलीकडच्या बाईंनी तो न बघताच परत दिला. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्ती अशा काही गटांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. हे मावशींना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मग पैशाकडे वळले. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा असे तीन निधी कायद्यातच आहेत. त्यातून पॅनेलवरच्या वकिलाची फी जाते, शिबिरं होतात, लोकअदालती भरतात. फी ठरलेल्या दराने, काम झाल्याची कागदपत्रं जोडून बिल दिल्यावर मिळते. पॅनेलवरच्या एका वकिलांनी सांगितलं, खासगी कामाच्या मानाने ती फार कमी पडते. अनुभवी वकील इकडे का फिरकत नाहीत, हे मला तिथे उमगलं.

फौजदारी खटल्यांसाठी 2022 पासून वेगळी पद्धत आली आहे. त्यात ठरावीक मानधनावर पूर्णवेळ वकील नेमतात. अटक झालेल्याला त्यामुळे लवकर वकील मिळू शकतो, पण एकेका वकिलाकडे किती खटले आहेत हे पाहिल्याशिवाय ती पद्धत बरी की वाईट, हे ठरवता येणार नाही.

प्राधिकरणाच्या अहवालातल्या आकड्यांनी मात्र मी पार गोंधळले. शिबिरं किती, हजर किती, लोकअदालतीत निकाली किती. लोकअदालतीत वाहतुकीचं ई-चलान मिटलं तरी एक प्रकरण, आणि वर्षानुवर्षं लोंबकळलेला जमिनीचा दावा मिटला तरी एकच. मावशींच्या पोटगीच्या अर्जाची तारीख पडली त्या दिवशी त्यांना मिळालेले मोफत वकील आले नव्हते. कारकुनाने रोजनामा दाखवला. त्यात एक ओळ होती : अर्जदार हजर, वकील गैरहजर, पुढील तारीख. मावशींचा त्या दिवसाचा रोज बुडाला. अहवालात त्या ‘लाभार्थी’ म्हणून मोजल्या जातात.

अशा प्रकरणांवर लक्ष ठेवायला देखरेख समिती हवी, असं मोफत विधी सेवेबद्दलच्या 2010 च्या विनियमांत स्पष्ट आहे. वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, हेही आहे. म्हणजे मोजायचं काय, याची दिशा नियमांनी आधीच दिली आहे : वकील तारखेला उभा राहिला का, त्याने पैसे मागितले का, अंतरिम पोटगीचा आदेश झाला का आणि ती रक्कम बाईच्या हातात पडली का. निधी वाढवायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. पण वाढीव पैशाचा हिशेब शिबिरांच्या संख्येत दिला, तर तो मला मान्य नाही.

तुमच्या ओळखीत कुणाला वकील परवडत नसेल तर विधी सेवेच्या हेल्पलाइनचा 15100 हा क्रमांक द्या. आणि माहितीच्या अधिकारात तुमच्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाला एवढंच विचारा : मोफत वकील दिलेल्या प्रकरणांचा निकाल काय लागला?