तीन देश, पाच माणसे आणि एक राऊटर

आमचे दादाजान १९७४ साली भिवंडीहून हजला गेले. आधी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मुघल लाइनच्या जहाजाने जिद्दाह. ते सुखरूप पोहोचल्याचे पत्र घरी येईपर्यंत दादींचा जीव टांगणीला लागला होता. १९९५ नंतर हजचा समुद्रमार्ग बंद झाला. आता विमान पाच-सहा तासांत पोहोचते, पण घरी राहिलेल्याची काळजी काही कमी झालेली नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही उमऱ्याला निघालो तेव्हा दादींनी एकच गोष्ट मागितली, "रोज एकदा आवाज ऐकवा."

आम्ही पाच जण होतो : अब्बा, अम्मी, आम्ही दोघे आणि धाकटी बहीण. मक्का-मदिना, तिथून इस्तंबूल आणि परतताना दुबईत मामूंकडे दोन दिवस, असा सतरा दिवसांचा बेत होता. पाच फोनांना तीन देशांचे रोमिंग घेतले असते तर खर्च फार झाला असता. अब्बांच्या जुन्या फोनमध्ये ई-सिम चालत नाही. प्रत्येक देशात नवे सिम घ्यायचे तर दर वेळी विमानतळावर रांग. शेवटी मुंबईहून वायफायचा छोटा राऊटर भाड्याने आणला. तळहातावर मावणारी डबी. ज्या देशात जाऊ तिथले मोबाइल नेटवर्क ती पकडते आणि आजूबाजूच्या फोनांना वायफाय देते. भाडे दिवसावर, अनामत रक्कम वेगळी. रोजची डेटाची मर्यादा संपली की वेग मंदावतो, हे दुकानदाराने आधीच सांगितले होते.

निघण्याआधी तीन बत्तीला जाऊन प्लगचे अॅडॅप्टर घेतले. सौदी आणि दुबईत तीन चपट्या पिनांचे सॉकेट असते. तुर्कस्तानात दोन गोल पिनांचे, तिथे आपला मोबाइलचा चार्जर तसाच बसतो. राऊटर आणि पॉवर बँक आम्ही हातातल्या बॅगेत ठेवली, कारण पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकू देत नाहीत.

मक्केत सगळे सुरळीत झाले, अलहमदुलिल्लाह. तवाफ आणि सई करताना फोन बंदच ठेवायचे, असे आम्ही ठरवले होते. इशानंतर हॉटेलात येऊन दादींना व्हिडिओ कॉल लावायचा. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून दादी आमच्यासाठी उशिरापर्यंत जागत. पहिल्या रात्री खिडकीतून हरमचे मिनार दाखवले. त्यांनी डोळे भरून पाहिले आणि म्हणाल्या, "बस झालं. आता फोन ठेवा, जाऊन दुआ करा."

चूक मदिनेत उमगली. रियाज-उल-जन्नतमध्ये जाण्यासाठी नुसुक अॅपवरून परवानगी घ्यावी लागते, आणि पुरुषांच्या व स्त्रियांच्या वेळा वेगळ्या असतात. अम्मी आणि बहीण आपल्या वेळेला गेल्या. राऊटर अब्बांच्या खिशात होता. बाहेर पडताना गर्दीत दोघींची ताटातूट झाली. बहीण हॉटेलवर आली, अम्मी आली नाही. अम्मीच्या फोनचे भारतातले सिम आम्हीच रोमिंगच्या भीतीने बंद केले होते. राऊटरचे वायफाय काही पावलांपलीकडे पोहोचत नाही. तिचा फोन म्हणजे नुसते घड्याळ झाले होते.

दीड तास आम्ही मस्जिदे नबवीच्या अंगणात फिरत होतो. तिथे सावलीसाठी अडीचशे अवाढव्य छत्र्या आहेत आणि त्या दिवशी आम्हाला प्रत्येक छत्री सारखीच दिसत होती. अब्बांचे ओठ सुकले होते. शेवटी ज्या दरवाज्यापाशी आम्ही आदल्या दिवशी असरनंतर भेटलो होतो, तिथेच एका खांबाला टेकून अम्मी तसबीह फिरवत बसलेली दिसली. दादींनी निघताना तिला सांगितले होते : हरवलीस तर चालत राहू नकोस, ओळखीच्या जागी बसून राहा. आम्हाला पाहून ती म्हणाली, "वायफाय तुमच्या अब्बांच्या खिशात, मग मी काय करणार?" ती हसली, पण अब्बांना हसता आले नाही.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट दाखवून, बोटांचे ठसे देऊन अम्मीसाठी तिथले सिम घेतले. सगळ्यांच्या गळ्यात हॉटेलचे कार्ड अडकवले आणि रोज बाहेर पडण्याआधी भेटण्याच्या दरवाज्याचा नंबर ठरवू लागलो.

इस्तंबूलला उतरल्यावर राऊटरने थोड्याच वेळात तिथले नेटवर्क पकडले. हजरत अबू अय्यूब अन्सारी रजि. यांच्या मजारीवर आम्ही गेलो. हिजरतनंतर मदिनेत पैगंबर सल्ल. ज्यांच्या घरी उतरले, ते हेच सहाबी. मदिनेहून आलेल्या आम्हाला तिथे परके वाटले नाही. दुबईत मात्र दादींना व्हॉट्सअॅपवरचा कॉल लागेना. तिथे व्हॉट्सअॅपच्या कॉलला बंदी आहे, रहिवासी बोटिमसारखी अॅप वापरतात. मग दोन दिवस आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

जे कुटुंब एकत्र हिंडणार, त्याला भाड्याचा राऊटर सोयीचा आणि स्वस्त पडतो. पण उमऱ्यात स्त्री-पुरुष वेगळे होतात. म्हणून स्त्रियांपैकी किमान एकीकडे स्वतंत्र सिम असू द्या. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून द्या. राऊटर परत करताना केबल, चार्जर, पिशवी मोजून घ्या, नाहीतर अनामत कापली जाते.

भिवंडीत पोहोचलो तेव्हा दादी दारातच बसल्या होत्या. रोज बोलणे होऊनही त्यांनी अम्मीचा हात बराच वेळ सोडला नाही.