चौदा हजार फुटांवरचा फ्रीज

घरात एक फ्रीज असताना दुसरा घ्यायचा आणि तोही गाडीत ठेवायला, हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सहलीला निघालीस की बिऱ्हाड हलवतेस?" त्यांचं काही चुकलं नाही. दोन वर्षांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं, तर मीही हसलेच असते.

त्याचं असं झालं. आमची लेक आता तेरा वर्षांची आहे. आठव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. हा मुलांना होणारा मधुमेह, म्हणजे रोज इन्शुलिन घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. घरी त्याचं आता काही वाटत नाही. सकाळी दात घासावेत तसं ती टोचून घेते आणि वेणी घालायला बसते. अडतं ते घराबाहेर. न उघडलेलं इन्शुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. वापरायला काढलेलं पेन साधारण महिनाभर बाहेर चालतं, पण बाहेर म्हणजे पंचवीस-तीस अंशांच्या आत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीचं काय होतं, ते तुम्हांला ठाऊकच आहे. आणि उलट ते गोठलं, तर कायमचं वाया जातं. वितळल्यावर दिसायला अगदी तसंच दिसतं, पण त्यातला गुण गेलेला असतो.

या एका कारणापायी तिच्या शाळेनं तिला सहलीला नेलं नाही. "जबाबदारी कोण घेणार?" असं मला विचारण्यात आलं. मी स्वतः दुपारच्या शाळेत शिकवते, त्यामुळे चाळीस मुलं घेऊन निघालेल्या बाईंच्या पोटातली धाकधूक मला कळत नाही असं नाही. पण त्या दिवशी पोरगी दप्तर न उघडता खिडकीत बसून राहिली, ते काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आमचे धाकटे भावोजी म्हणजे भटक्या माणूस. त्यांनी चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतली होती आणि मेच्या सुट्टीत साताऱ्याहून थेट हिमाचलात, स्पितीपर्यंत जायचा बेत आखला होता. जाताना तंबू न्यायचा, जागा सापडेल तिथे मुक्काम करायचा. "वहिनी, तुम्ही तिघंही चला," म्हणाले. मी नेहमीचं उत्तर दिलं, "आणि इंजेक्शनचं काय?" तर लेकच म्हणाली, "आई, तू दर वेळी हेच म्हणतेस. एकदा त्याचं काय करायचं ते बघ तरी!"

मग बघायला लागलो. पहिले गेलो डॉक्टरांकडे. सावकाश उंची गाठायची, साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासायची आणि इन्शुलिन लागेल त्याच्या दुप्पट न्यायचं, तेही दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून, एवढ्या अटींवर त्यांनी होकार दिला.

मग फ्रीज. बाजारात गेल्यावर कळलं की, गाडीत ठेवायचे फ्रीज मुख्यतः दोन जातींचे. एक हलका, स्वस्त, सात-आठ हजारांतला. त्यात कॉम्प्रेसर नसतो. विजेचा प्रवाह दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून गेला की एक बाजू गार नि दुसरी गरम होते, या तत्त्वावर तो चालतो. पेल्टिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे १८३४ साली शोधलं. वाचायला छान वाटतं. पण त्यातली मेख अशी की, तो भोवतालच्या हवेपेक्षा फार तर अठरा-वीस अंशांनीच गार होतो. ओळखीच्यांकडून असा एक आणला, एप्रिलच्या दुपारी गच्चीवर सावलीत चालू ठेवला आणि आत छोटा थर्मामीटर टाकला. बाहेर अडतीस अंश होते. चार तासांनी आत एकोणीस! सरबताच्या बाटल्यांना हे पुरे. आमच्या औषधाला नाही. (घेण्याआधी अशी गच्चीवरची परीक्षा अवश्य करा. दुकानात एसी चालू असतो, तिथे सगळेच फ्रीज गुणी ठरतात.)

दुसरी जात कॉम्प्रेसरची, म्हणजे आपल्या घरच्या फ्रीजचंच धाकटं भावंडं. बाहेर कितीही ऊन असो, तो शून्याच्या खालीही जातो. गाडीच्या बारा व्होल्टवर चालतो आणि घरच्या प्लगवरही. किंमत मात्र चौपट-पाचपट.

जात ठरली, तरी मापावरून घरात चांगलीच जुंपली. भावोजींना दोन कप्प्यांचा साठ लिटरचा हवा होता, एकात थंड पेयं, दुसऱ्यात बर्फ. जाऊबाईंना दूध, दही आणि वाटेत मिळालीच तर मासळी ठेवायची होती. मला वाटत होतं, वीतभर डबा मिळाला तरी बास. शेवटी मी पुठ्ठ्याचे तीन खोके त्या त्या फ्रीजच्या मापाचे कापले आणि गाडीच्या मागच्या भागात ठेवून दाखवले. साठ लिटरचा ठेवला तर तंबू टपावर जात होता. शिवाय झाकण वर उघडतं, त्याला वर हातभर जागा लागते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. रिकामा फ्रीजच पंधरा किलोच्या आसपास भरतो, भरल्यावर तो उतरवायला दोन माणसं लागतात. पस्तीस लिटरवर तडजोड झाली. झाकण वरून असण्याचा एक फायदा सांगून ठेवते. गार हवा जड असते, त्यामुळे वरून उघडलं तर ती आतच राहते. आपल्या उभ्या फ्रीजसारखी पायांवर सांडत नाही.

निघायच्या आदल्या रात्रीच तो घरच्या विजेवर गार करून घेतला आणि आत गार झालेल्याच वस्तू भरल्या. इन्शुलिनची पेनं एका स्टीलच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या डब्यात, जुन्या पंचात गुंडाळून. कारण या फ्रीजच्या आतल्या भिंती फार गार होतात. आकडा चार दाखवत असला, तरी भिंतीला टेकलेली वस्तू गोठू शकते. कॉम्प्रेसरच्या वर एक उथळ कप्पा असतो, तो जरा उबदार. डबा तिथे ठेवला आणि थर्मामीटरची तार त्याच डब्यात सोडली. फ्रीजवरचा आकडा फ्रीजचा असतो, आपल्याला डब्यातला हवा.

एवढं करूनही दुसऱ्याच दिवशी फजिती झाली. शामळाजी ओलांडून राजस्थानात शिरलो. ऊन असं की, खिडकीची काच हाताला चटका देत होती. ढाब्यावर जेवायला थांबलो, भावोजींनी किल्ली काढली आणि आम्ही दीड तास निवांत दाल-बाटी खाल्ली. परत येऊन बघते तो फ्रीज गप्प! किल्ली काढली की या गाडीतलं ते सॉकेटही बंद पडतं, हे गाडीच्या मालकालाच ठाऊक नव्हतं. डब्यातला काटा नऊवर गेला होता. नऊनं काही बिघडत नाही, पण माझ्या हातापायातलं बळच गेलं. लेक मात्र शांतपणे म्हणाली, "आई, सकाळी चार होता. दीड तासात पाचच वाढला. म्हणजे झाकण चांगलं आहे." मला आधी रागच आला आणि मग हसू.

उदयपूरला एका मिस्त्रीनं बॅटरीपासून थेट वेगळी जाड वायर, मध्ये फ्यूज घालून, मागपर्यंत ओढून दिली. मग दुसरी काळजी उभी राहिली. रात्रभर फ्रीज चालला आणि बॅटरीच उतरली तर? आमचा फ्रीज चालताना पंचेचाळीस वॉट घेतो, म्हणजे चार अँपिअरच्या आसपास. पण तो सतत चालत नाही, थांबत थांबत चालतो. एका रात्रीचा खर्च बॅटरीला सोसणारा असतो. शिवाय बॅटरी फार उतरायच्या आत तो स्वतःच बंद होईल, अशी तीन पायऱ्यांची सोय त्यात असते. गाडी जिच्यावर सुरू होते त्याच बॅटरीवर फ्रीज लावला असेल, तर पायरी सगळ्यांत वरची ठेवायची, हे मिस्त्रीनंच सांगितलं. माहितीपुस्तिकेत होतंच, पण पुस्तिका वाचायची आपल्याकडे पद्धत कुठे आहे!

सिमल्यापासून पुढचा रस्ता मात्र वेगळ्याच जगातला. वाटेत सतलजचा गढूळ लोंढा सोबतीला. कल्पाला दोन रात्री राहिलो. समोर किन्नर-कैलासाची बर्फाची रांग, आणि मागे सफरचंदाच्या बागा. खाबला सतलजला स्पिती नदी येऊन मिळते. तिथून पुढे झाडं संपत जातात. डोंगर नुसते मातीचे, पिवळे, राखी, जांभळे. मला आपल्या सह्याद्रीची सवय, त्यामुळे पहिला दिवसभर मी हिरवं काही दिसतंय का, हेच शोधत होते.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. बाहेरून बघितलं तर मातीच्या साध्या भिंती, आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या परसदारी असाव्यात तशा. आत वाकून गेल्यावर डोळ्यांना काही दिसेना. हळूहळू अंधारातून रंग उमटू लागले, भिंतीभर चित्रं आणि वर रांगेनं बसवलेल्या मातीच्या मूर्ती. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत एकसारखा गारवा. ह्यांनी हळूच माझ्या कानात म्हटलं, "हा खरा फ्रीज!" मी डोळे वटारले, पण वाटलं मलाही तेच. हजार वर्षं त्या रंगांना त्या जाड भिंतींनी सांभाळलंय.

काझ्याला पुन्हा दोन दिवस थांबलो. कुंझुम खिंड अजून बर्फाखाली होती, तेव्हा मनालीकडून उतरण्याचा बेत सोडला आणि आल्या वाटेनंच परतायचं ठरलं. पण त्याआधी एक रात्र लांग्झाला तंबूत.

लांग्झा चौदा हजार फुटांच्या वर आहे. मूठभर घरं, खोऱ्याकडे तोंड करून बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती आणि मागे चाऊ चाऊ कांग निल्दाचं शिखर. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, म्हणून तिथल्या दगडांत शंखशिंपल्यांचे ठसे सापडतात. पोरं ते दाखवायला धावत आली. आम्ही ते बघून तिथेच ठेवले. ज्या घराच्या शेताकडेला तंबू ठोकला, त्या घरच्या बाईंनी आमचा फ्रीज बघितला आणि तोंडाला पदर लावून अशा हसल्या! हिंदीत म्हणाल्या, "इकडे सहा महिने आमचं अख्खं घरच यात असतं. तुम्ही हा गरम ठेवायला आणलात का?"

त्या थट्टेत म्हणाल्या आणि माझ्या काळजात चर्र झालं. कारण फ्रीजला गार करता येतं, ऊब देता येत नाही. उन्हाच्या धास्तीनं चाळीस हजार घातले होते, आणि आता बाहेरचीच हवा शून्याखाली जाणार होती. गाडीत तो डबा रात्रभर राहिला असता, तर पहाटेपर्यंत झाकणाच्या आतही थंडी पोचली असती.

लेकीनं विचारायची वाटच बघितली नाही. फ्रीज बंद केला, डबा काढला, त्यावर माझी शाल दोनदा गुंडाळली आणि आपल्या स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवला. साखर मोजायचं यंत्रही स्वेटरच्या आत घातलं, कारण फार थंडीत ते चालेनासं होतं. "अंगाला अगदी चिकटून नको, फार ऊबही नको," असं स्वतःशीच पुटपुटत होती. थर्मामीटरचा आकडा तेवढा बाहेर काढून माझ्या उशाशी ठेवला. "म्हणजे तू मला उठवणार नाहीस," म्हणाली.

मी रात्रभर जागीच होते. विरळ हवेत तशीही झोप धड लागत नाही. तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. ह्यांचं घोरणं त्या उंचीवरही कमी झालं नव्हतं. दर तासानं बॅटरी लावून आकडा बघायची. नऊ. अकरा. पुन्हा अकरा. तीन वाजता बाहेर डोकावले, तर आभाळ इतकं जवळ आलं होतं की दचकलेच. आकडा बघायचा राहून गेला आणि मला ते पहाटे उजाडल्यावर आठवलं. तेव्हा दहा होता.

सकाळी गाडीत पाण्याची बाटली दगडासारखी गोठलेली मिळाली. जाऊबाईंनी जपून आणलेलं दहीही. लेक उन्हात दगडावर बसली, साखर तपासली, सुई टोचली आणि घरमालकीणबाईंनी दिलेली सातूची जाड रोटी तुपाशी खाल्ली. भावोजी गोठलेल्या दह्याला चमचा लावून "आइस्क्रीम घ्या, आइस्क्रीम" म्हणत हिंडत होते. त्यांना पहिल्यापासून फ्रीजमध्ये तेच हवं होतं!

परतीच्या वाटेवर राजस्थानात फ्रीज पुन्हा चालू झाला आणि घरापर्यंत डब्यातला काटा चार-पाचाच्या पुढे गेला नाही. आता तो आमच्या जिन्याखाली असतो. वीज गेली की भावोजींच्या गाडीच्या बॅटरीवर लावायचा, म्हणजे औषधाची चिंता नाही. जाऊबाई मध्येच रत्नागिरीला माहेरी जाताना मासळीसाठी मागतात. लेकीनं झाकणावर चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे : "मासे पिशवीत बांधूनच ठेवावेत. वरचा कप्पा माझा."

यंदाच्या सहलीचं पत्रक शाळेतून परवाच आलं. त्याला जोडायला तिनं तिच्या हातानं एक पानभर लिहिलंय, डबा कुठे, काटा किती, कोणी काय करायचं. बाईंनी ते ठेवून घेतलंय. बघू या.