तेवीस मजले

१२ मार्च २०२४, मंगळवार
डबा खाऊन मरीन ड्राइव्हच्या टोकापर्यंत चालून आले. एअर इंडियाच्या इमारतीवर रणरणतं ऊन. तारीख बारा. १९९३ ला शुक्रवार होता. इथे गाडीतला बॉम्ब फुटला, वीस माणसं गेली. ऑफिसात कुणी विषय काढला नाही. नवीन मुलांचा तेव्हा जन्मही नव्हता.

१५ मार्च, शुक्रवार
पेपरात आलंय. केंद्राची काल मंजुरी. इमारत राज्य सरकारला, १,६०१ कोटींना. आपल्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबरातच ठरवलं होतं. पूर्वी जेएनपीटी, एलआयसी पण ती घ्यायच्या मागे होते. एअर इंडियाची विमानं टाटांकडे गेली, ही इमारत तेवढी राहिली.
खालची जमीन मुळात राज्याचीच. १९७० मध्ये भाडेपट्ट्याने दिलेली. आपल्याच जागेवरचं घर आपण विकत घ्यायचं! असो. दरमहा भाडं भरण्यापेक्षा बरं.
चहाला एकच प्रश्न. आपला विभाग तिथे जाणार का?

१६ मार्च
निवडणूक जाहीर. आचारसंहिता. आता जूनपर्यंत काही हलत नाही.

१८ मार्च, सोमवार
वाटण्या मात्र सुरू. समुद्राकडची दालनं मंत्र्यांना, मागची आम्हाला. कागद निघायच्या आधीच पक्कं. एका साहेबांना अँटी-चेंबरची काळजी. आमच्या शिपाईकाकांना लिफ्टची. तेवीस मजले, आणि टपाल त्यांनाच फिरवायचं.
१९७४ ची इमारत. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांचा. विमान कंपनीचा तोरा दिसावा म्हणून उभी केलेली, आणि दिसतोच अजून. अर्ज घेऊन येणारा माणूस त्या आराखड्यात नव्हता.

२० मार्च
नांदेडकडचे एक आजोबा. पिशवीत कागद, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. सकाळीच मंत्रालयाच्या गेटवर उभे. दोनपर्यंत पास नाही. आत गेल्यावर कळलं, विभाग इथे नाही. कुणीतरी समोरच्या नवीन प्रशासन भवनात धाडलं. तिथून आमच्याकडे. पोचले तेव्हा साहेब निघून गेलेले.
"ताई, समदं एका जागी का न्हाई?"
सांगितलं, मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, तेव्हापासून काही विभाग भाड्याच्या जागेत.
"कवा लागली?"
"२०१२ ला."
काहीच बोलले नाहीत. पाणी प्यायले. अर्ज आवक करून पोच दिली, तेवढंच माझ्या हातात. रात्रीच्या देवगिरीने परत जातो म्हणाले.

२१ मार्च
झोप नाही नीट. साहेबांना विचारलं. "पोस्टाने पाठवायचा होता अर्ज." पोस्टाने आलेल्यांचं काय होतं ते आम्ही दोघंही जाणतो.

२५ मार्च
धुळवड. सुट्टी. कपडे, पापड, कपडे.

२७ मार्च
शेजारच्या काकू आल्या होत्या. एअर इंडियाच्या त्याच इमारतीत नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाल्या. कंपनीचं मुख्यालय २०१३ ला दिल्लीला गेलं त्याचा राग अजून ताजा. कोटींच्या आकड्यात त्यांना रस नाही.
"चित्रं कुठं आहेत गं?"
म्हटलं, एअर इंडियाचा चित्रसंग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला.
"बी. प्रभा आपल्या नागपूरकडच्या. त्यांची तरी इथे ठेवायची."
चहा तसाच ठेवून उठल्या.

९ एप्रिल
पाडवा. गुढी लवकर उतरवली, वारा फार.

१२ एप्रिल
टिपणी लिहिली. एअर इंडियाच्या इमारतीचा तळमजला अभ्यागतांसाठी राखावा. बसायला बाकडी, पाणी, स्वच्छतागृह. कुठल्या मजल्यावर कुठला विभाग, याचा मोठ्या अक्षरांत फलक. मंत्रालयाच्या गेटवरच सांगणारा एक माणूस, पासासाठी रांग लागायच्या आधी. समुद्राकडचा एक तरी कोपरा त्यांना द्यावा असंही लिहिलं होतं. खोडलं. मग परत लिहिलं.
शेजारच्या टेबलावरचे हसले. "इमारत ताब्यात नाही, आणि बाकडी कसली मांडताय?"
बाकड्यांचा विचार नंतर केला की ती जिन्याखाली जातात. मांडली आत्ताच.

१५ एप्रिल
ई-ऑफिस बंद. दिवसभर.

१६ एप्रिल
टिपणी वर गेली.

२३ एप्रिल, मंगळवार
टिपणी परत आली. हरकत एकही नाही. शेरा : 'चर्चा करावी.' कुणी, कुणाशी, ते लिहिलेलं नाही. उद्या वेळ मागते.