आयती चाचणी
‘एनजी जनरेट कंपोनंट’ एवढी एक आज्ञा लिहावी, पुढे नाव द्यावे, की गूगलच्या अँग्युलरचे साधन संकेतस्थळाच्या नव्या घटकासाठी चार फायली क्षणार्धात मांडून देते: टाइपस्क्रिप्टची, एचटीएमएलची, सजावटीची आणि चाचणीची. २०१७ साली त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. ही सोय मला मनापासून प्रिय आहे. तीच अक्षरे पुनःपुन्हा गिरविण्यात पुरुषार्थ तो कसला? तक्रार आहे ती चौथ्या फायलीविषयी. तीतली आयती चाचणी इतकेच पाहते की, घटक निर्माण झाला. बटण दाबल्यावर गिऱ्हाइकाचे पैसे एकदा वळते झाले की दोनदा, हे तिच्या गावीही नसते; तरीही ती उत्तीर्ण होते आणि पडद्यावर हिरवी खूण उमटते. तिच्यावर विसंबून तरुण मंडळी निश्चिंतपणे घरी जातात. मी त्यांना प्रथम ती चाचणी पुसावयास लावतो आणि रिकाम्या जागी पहिला प्रश्न पैशांचा लिहावयास सांगतो.