पणजोबांचे नाव आणि किल्ला

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, नापा खोऱ्यातील कॅलिस्टोगा गावाजवळ, द्राक्षमळ्यांच्या सान्निध्यात एक किल्ला उभा आहे. भोवती खंदक, त्यावर उचलता येणारा पूल, वर बुरूज, आत चौक, प्रार्थनामंदिर आणि कैद्यांच्या छळाची खोलीदेखील! इटलीतील एखादा तेराव्या शतकातील दुर्गच येथे अवतरला, असे पाहणारास वाटावे. परंतु ‘कास्तेल्लो दी आमोरोझा’ नावाचा हा किल्ला लोकांस खुला झाला तो २००७ साली.

व्हित्तोरिओ सत्तुई या इटालियन स्थलांतरिताने १८८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत द्राक्षमद्याचा व्यवसाय आरंभिला. १९२० च्या दारूबंदीने तो बंद पडला. पुढे पणतू दारिओ याने १९७६ साली पणजोबांचे नाव पुन्हा पाटीवर चढविले. इटलीतील मध्ययुगीन वास्तूंचा त्याला जबर नाद. त्यातूनच हा किल्ला साकारला. त्यासाठी जवळच्या खाणींतील ८,००० टन दगड लागला. सुमारे साडेआठ लाख विटा युरोपातून आल्या. दगडकाम, लोहारकाम व सुतारकाम जुन्या पद्धतीने हातांनीच झाले. आठ मजल्यांत १०७ दालने असून कित्येक मजले भूमीखाली आहेत.

हे सारे खरे. पण या तटांनी कधी वेढा पाहिला नाही. जीर्णोद्धार म्हणजे जे होते ते जपणे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही हाच दंडक घातला आहे की, जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. कॅलिफोर्नियातील किल्ला हा जीर्णोद्धार नव्हे. ती नवनिर्मिती आहे, आणि तिचे बांधकामाचे वर्ष कोणापासून लपविलेले नाही. तेथे खरोखर पुनरुज्जीवित झाले ते पणजोबांचे नाव.

गिरमिटावर अंगठा उठवून समुद्र ओलांडलेल्यांच्या वंशजांस हा भेद विशेष मोलाचा आहे. त्यांच्या पूर्वजांनी तट-बुरूज मागे ठेवले नाहीत. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात, १८३४ पासून जवळजवळ पाच लाख मजूर ज्या बेटावर आले तेथे, आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आहेत. मूळ इमारतींचा थोडाच भाग उरला आहे. तरीही २००६ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशात स्थान दिले. त्या पायऱ्यांना वैभव नाही, पण त्या खऱ्या आहेत.

संपन्नता आली की पूर्वजांस राजवस्त्रे चढविण्याचा मोह होतो. कोणी कुळाची वंशावळ थेट सरदारांपर्यंत नेऊन भिडवितो. पण ऊस तोडणाऱ्या हातांस खोट्या मुकुटाची गरज काय? वंशजांनी नवे मंदिर, नवी शाळा, नवा सभामंडप अवश्य उभारावा आणि त्यावर आपल्याच काळाचे वर्ष कोरावे. जुने म्हणून मात्र तेवढेच सांगावे, जे खरोखर होते.

२०२० च्या वणव्यात सत्तुईंच्या किल्ल्याशेजारील कोठाराची इमारत जळाली, किल्ला वाचला. ती आपत्ती कोणी कल्पिलेली नव्हती. त्या दिवसापासून त्या नव्या दगडांसही स्वतःचा खरा इतिहास लाभला.